पेन्सिल खाली, हात मांडीवर

मला प्रशिक्षणांचा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. तालुक्याला जायचं, समोसा खायचा, भिंतीला चिकटवलेल्या रंगीत कागदांसमोर फोटो काढायचा आणि परत येऊन पोरांपुढे तोच जुना पाढा म्हणायचा. माझी निम्मी नोकरी या समोशांवर गेली. त्यामुळे तृप्ती रामटेके मॅडम एका प्रशिक्षणातून खरोखर काहीतरी शिकून आल्या आणि ते वर्गात लागूही पडलं, तेव्हा माझ्यासारख्या मुख्याध्यापकाच्या पोटात दुखलं असेल असं कोणालाही वाटेल. तसं नव्हतं. मला बरं वाटलं होतं. पण पुढे जे झालं ते मनातून जात नाही. दुपारच्या वेळी रिकामा वर्ग दिसला की मी आजही आत पाऊल टाकायच्या आधी दारात थांबतो.

आमची शाळा पवनी तालुक्यातली, दोन शिक्षकी. गाव नवं. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं इथे माळावर आणून वसवली. रस्ते रुंद, सगळे काटकोनात, घरं एका रांगेत आणि झाडं नावाला. भर दुपारी या गावातून चालताना माझ्या चपलांचा आवाज मलाच ऐकू येतो. मोठ्या रस्त्याच्या टोकाला उभं राहिलं की पाणी दिसतं. उन्हाळ्यात ते उतरलं की वाळलेल्या झाडांचे शेंडे वर येतात आणि बाया बोट दाखवून सांगतात, ते आमचं चिंचेचं झाड, तो आमचा मोह. पोरं ऐकतात. ज्या पोरांचा जन्म या माळावरचा, त्यांनाही जुन्या गावातली सगळी घरं पाठ आहेत. मी आणि मॅडम दोघंही बाहेरचे, वस्ती झाल्यावर आलेले, म्हणून आम्हाला ती पाठ नव्हती.

रुचिका तिसरीत होती. तेजराम गवंडीकाम करायचा, त्याची ही मुलगी. तोंडी विचारा, पोरगी राघूसारखी बोलायची. हिशेब बोटांवर न मोजता सांगायची आणि गोष्ट एकदा ऐकली की दुसऱ्या दिवशी आपल्या पदरचा मीठमसाला घालून परत ऐकवायची. पण पाटी पुढे ठेवली की सगळं संपायचं. ग उलटा, त आडवा, ओळ चढत चढत पाटीच्या कोपऱ्यातून बाहेर. पेन्सिल इतकी दाबायची की नखं पांढरी पडायची. चार अक्षरं झाली की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, खालचा ओठ दाताखाली जायचा आणि मग जे हाताला लागेल ते जायचं. पेन्सिल मोडायची, पाटी आपटायची, शेजारच्याला चावायची. नंतर भिंतीकडे तोंड करून तासभर बसायची, आणि विचारलं तर म्हणायची, "मले आठवत नाही."

मीही जुन्या वळणाचा मास्तर. माझ्या मते हे लाडाचं पोरगं होतं आणि दोन धपाट्यांनी सुधारलं असतं. मॅडमनी मला तसं करू दिलं नाही, आणि ते बरंच झालं.

पावसाळ्यात एक दिवस तिची पाटी उडाली ती चंद्रकुमारच्या भुवईवर बसली. चंद्रकुमार म्हणजे शाळा समितीचे अध्यक्ष भैय्यालाल यांचा नातू. पवनीला नेऊन टाके घालावे लागले. संध्याकाळी भैय्यालाल शाळेत आले आणि खुर्ची असताना उभेच राहिले.

"एकडाव अजून असं झालं, गुरुजी, त ते पोरगी या शाळेत रायनार नाही."

मी कायदा काढला. म्हणालो, पोराला शाळेतून काढता येत नाही.

"कायदा तुमच्या कपाटात राहू द्या. तेजरामले मी सांगतलं हाये. तो पोरीले दिघोरीले मामाकडे धाडून देईन. आमाले आमचे लेकरं अंधळे करून नाही घ्याचे."

तेजराम मागे मान घालून उभा होता. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. दिघोरीच्या मामाकडे बकऱ्या होत्या, शाळेत घालायची हौस नव्हती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पोरगी तिकडे गेली की तिचं शिक्षण तिथेच संपणार होतं. आता एकच प्रश्न उरला होता, आठ वर्षांच्या पोरीला स्वतःचा हात आवरता येईल की नाही.

मॅडम म्हणाल्या, "येईल."

प्रशिक्षणात त्यांना सांगितलं होतं की काही लेकरांचं डोकं पुढे धावतं आणि हात मागे राहतो. त्यांना लिहिणं म्हणजे चिखलातून पळणं. ती आळशी नसतात आणि मठ्ठही नसतात. हात ऐकत नाही म्हणून राग येतो, आणि तो राग आवरणं हेही अक्षरासारखंच गिरवून गिरवून शिकावं लागतं. मला पटलं नाही, पण ऐकायला बरं वाटलं. मॅडमनी सगळ्या वर्गाला ते शिकवलं, म्हणजे एकटीला वेगळं वाटू नये. राग आला की पेन्सिल खाली. हात मांडीवर. एक लांब श्वास. मग रागाला नावाने हाक मारायची आणि सांगायचं, थांब.

त्यासाठी आधी रागाचं बारसं करायचं होतं. पोरं खूश. एकाने आपल्या रागाचं नाव वांदर ठेवलं, एकाने इंजन. चंद्रकुमारने टाके पडलेल्या भुवईखालून बघत डुक्कर ठेवलं. रुचिका सगळ्यांची नावं होईपर्यंत पाटीची कड खरवडत होती. मग म्हणाली, "निकिता."

"छान नाव आहे," मॅडम म्हणाल्या. मी शेजारच्या वर्गातून ऐकत होतो. मलाही काही वावगं वाटलं नाही. टीव्हीतलं असेल कोणी, असं समजून मी माझ्या पाचवीकडे वळलो.

आणि ते लागू पडलं. पहिले काही दिवस तिला श्वासच जमायचा नाही, नुसतं धापा टाकल्यासारखं व्हायचं. पण पेन्सिल खाली जायची. हात मांडीवर जायचे, एक दुसऱ्याला घट्ट धरून. ओठ हलायचे. "निकिता, थांब." कधी दोनदा, कधी पाचदा. मॅडम तिला एक ओळ झाली की सोडायच्या आणि बाकीचं तोंडी घ्यायच्या. पोळा गेला, गणपती गेले. दसऱ्याच्या सुमारास तिने पाटीवर स्वतःचं नाव लिहिलं, सगळी अक्षरं सरळ उभी, थोडी वाकलेली पण आपल्या पायांवर. मी तिला पेपरमिंटची गोळी दिली. भैय्यालालना मुद्दाम बोलावून पाटी दाखवली. ते म्हणाले, "हं." त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे गंगेत घोडं न्हालं.

मी मॅडमना म्हणालो, "समोशाचे पैसे वसूल झाले."

दिवाळीनंतर मी त्या वर्गावर एक तास घेत होतो, मॅडम केंद्रावरच्या बैठकीला गेल्या होत्या. फळ्याकडून पोरांमध्ये जाताना टाटपट्टीवर पाय ठेवला आणि चंद्रकुमार ओरडला, "गुरुजी, तिथं नोको!"

रुचिकाच्या बाजूला एका पोराएवढी जागा मोकळी होती. बाकी पोरं दाटीवाटीने, एकमेकांच्या मांडीवर मांडी चढवून बसलेली, आणि ती एवढी जागा रिकामी.

"काय आहे तिथे?"

"निकिता बसली हाये."

मी रागावलो. काय वेडेपणा आहे, सरकून बसा, म्हटलं. कोणी सरकलं नाही. हसतही नव्हतं कोणी. पोरं खोटं खेळत असली की एखादं तरी तोंड दाबून हसतं, हे मला इतक्या वर्षांत कळतं. इथे सगळे गंभीर होते. रुचिका खाली बघून पाटी पुसत होती.

"अरे, निकिता म्हणजे तिचा राग. तुझा डुक्कर, तशी तिची निकिता."

"नाही गुरुजी," चंद्रकुमार म्हणाला. "निकिता तिची बहीण होय. जुन्या गावात मेली ते."

बाहेर लख्ख ऊन होतं. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू. मी त्या मोकळ्या जागेवरचा पाय उचलला आणि फळ्याकडे परत गेलो. उरलेला तास मी फळ्याजवळूनच शिकवलं.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्या आंबेडकरी घरातल्या. भूतखेत, अंगात येणं यावर त्यांच्या घरात लहानपणापासून हसणंच झालं होतं. पण आता त्या हसल्या नाहीत. त्यांनी मधल्या सुट्टीत रुचिकाला जवळ घेतलं. मी तिथेच खिचडीच्या भांड्यावर लक्ष ठेवायच्या निमित्ताने उभा राहिलो.

"निकिता कोण, बेटा?"

"माही बहीण. मी झाली नव्हती तवाच मेली. ताप आलता."

"मग रागाला तिचं नाव का दिलं?"

रुचिकाने मॅडमकडे असं बघितलं, जणू एवढंही तुम्हाला कळू नये का. "तिच्याच पायी त राग येते मले. बुढी म्हणते, थोरलीचं अक्षर मोत्यावानी होतं. मी लिवलं का म्हणते. रोजच म्हणते."

मॅडमनी सुटकेचा श्वास सोडला, मीही सोडला. एवढंच होतं तर. घरात मेलेल्या लेकराचं नाव कोणी घेत नव्हतं, नुसतं थोरली, थोरली; नाव पोरीला गावातल्या पोरांकडून कळलं असणार. आजी मनकर्णाबाई धाकटीच्या वाकड्या अक्षरावर थोरलीचे मोती ओवत बसायची. पोरीला राग येणार नाही तर काय होईल? तिने आपल्या रागाचं नाव अगदी बरोबर ठेवलं होतं. आम्ही मोठे होतो, आम्हाला ते माहीत नव्हतं, इतकंच.

"आपण दुसरं नाव ठेवू," मॅडम म्हणाल्या. "वाघ? वादळ?"

"नोको."

"का गं?"

"माय रडन."

घंटा झाली आणि पोरगी पळाली. माय का रडेल, ते त्या दिवशी आम्हाला कळलं नाही. त्याच आठवड्यात तेजराम शाळेत आला. दारात चपला काढून उभा राहिला, हाताला सिमेंट तसंच.

"म्याडम, शाळेत कशी रायते पोरगी?"

"शाळेत? गाय आहे गाय," मी म्हणालो. "दिवाळीपासून एक पेन्सिल मोडली नाही."

तो हातावरचं सिमेंट खरवडायला लागला. मग म्हणाला, "घरी त रोज येते."

"काय येतं?"

"राग. दिवस बुडाच्या आंधी, रोज. आरसा फोडला. बुढीच्या हाताले चावली. सोताच्या बी हाताले चावते." त्याने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून जागा दाखवली. "भैय्यालालले मालूम झालं त काय होईन?"

मॅडम म्हणाल्या, हे कसं शक्य आहे. तिला आवरता येतं, मी रोज बघते.

"तुमी शनवारी घरी या," तेजराम म्हणाला. "माया तोंडून नाही निंगत."

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि आम्ही दोघं निघालो. धानकापणीचे दिवस, गाव ओस. सगळी माणसं शेतावर, धानाच्या बांध्यांमध्ये. घरांची दारं उघडी होती आणि आत कोणी नव्हतं. रस्त्याच्या टोकाला पाणी चमकत होतं. मॅडम माझ्या पुढे चालत होत्या आणि मधूनच मागे वळून बघत होत्या, मी आहे ना याची खात्री करायला. मी त्यांना धीर द्यायला काहीतरी विनोद केला. तो काय होता ते आता आठवत नाही, पण दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

रुचिकाची आई रुखमिणी हसून सामोरी आली. चांगली, नीटनेटकी बाई, कपाळभर कुंकू, घर सारवलेलं. मी डोक्यात काहीतरी विस्कटलेलं, केस मोकळे सोडलेलं धरून आलो होतो, त्यामुळे ओशाळलो. तिने सतरंजी टाकली आणि चहा ठेवला. म्हातारी मनकर्णाबाई कोपऱ्यात, हाताला फडकं बांधून. तेजराम दारातच उभा राहिला.

रुचिका आमच्या आधी पोचली होती. भिंतीपाशी मांडी घालून बसलेली. शाळेत तिची एक वेणी असायची. इथे दोन होत्या, लाल रिबिनीने वर बांधलेल्या. पुढे पाटी. बाजूला स्टीलच्या ताटलीत पोहे, गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला.

"खा ना बेटा," मॅडम म्हणाल्या. "गार होतील."

"ते तिचे नोहोत," रुखमिणी सहज म्हणाली. "तिनं खाल्ले."

चुलीवर चहा उकळत होता. मग रुखमिणीच बोलायला लागली, शेजारणीशी बोलावं तसं. तिला सांगायचंच होतं. इतकी वर्षं कोणी विचारलं नसावं.

"लहान लेकरू जाळत नाही, गुरुजी, तुमाले ठाऊकच हाये. आमच्या जुन्या गावी पाण्याची बोडी होती, तिच्या पारीवर मोह होता, त्याच्या खाली पुरलं तिले. सनासुदीले मी जात होती, दिवा लावत होती. मंग निंगाचं झालं. घर मोडलं. दारं आणले, खिडक्या आणल्या, घरावरचे कवेलू आणले. देवळातल्या मातामायले बी वाजतगाजत आणलं. तिले कसं आनाचं?"

दारात तेजरामने पाठ फिरवली.

"यायनं म्हटलं," तिने दाराकडे मान केली, "नाव घ्याचं नाही आता, घेतलं त तुले आजून तरास होईन. नाही घेतलं. इतके साल कोनी नाव नाही घेतलं तिचं. आन या पावसाळ्यात हे पोरगी शाळेतून आली, भाकर खाता खाता म्हणते, 'निकिता, थांब.'" रुखमिणीने मॅडमचा हात धरला. "मी म्हटलं, कोनं सांगतलं वं तुले हे? त म्हणते, म्याडमनं. म्याडम म्हणते, ते माह्या हातात येते. लिवलं का येते."

"मी असं नाही हो म्हटलं," मॅडम म्हणाल्या. "वहिनी, मी रागाबद्दल बोलत होते."

"हो ना. रागातच येते ते. रागावन नाही त काय करन? तिले पाण्यात ठेवून आलो आमी." बाई रडत नव्हती. समाधानाने बोलत होती. "एकटी ठेवून आलो. मंग ते येते, माह्यावर रागावते, मारते, चावते. मले बरं वाटते, म्याडम. आपलंच लेकरू मारते. दिवसाकाठी एकडाव येते आन जाते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही माय रोज दुपार कलली की पोरीच्या थोरलीसारख्या दोन वेण्या घालत होती, पुढे पाटी ठेवत होती आणि लिहायला लावत होती. हात दुखेपर्यंत, अक्षरं उलटी होईपर्यंत, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत. राग येईपर्यंत. रागासाठीच. शाळेत आम्ही जे पोरीच्या अंगातून महिनोन् महिने काढत होतो, ते घरी तिची माय रोज परत बोलावत होती.

मला त्या बाईचा संताप आला आणि तिची दयाही आली. दोन्ही एकदम आल्यावर माणसाला बोलता येत नाही. मॅडम बोलल्या. चांगलं बोलल्या, खालच्या आवाजात, हात न सोडवता. म्हणाल्या, "वहिनी, तो राग रुचिकाचा आहे. तिला लिहिता येत नाही म्हणून येतो. नाव आम्ही दिलं, चुकून दिलं. तुमची निकिता त्यात नाही. ती तुम्हाला कधीच मारायला येणार नाही. आणि हे असंच चाललं तर ही पोरगी पण तुमच्या हातून जाईल. दिघोरीला जाईल, शाळा सुटेल. एक गेली, दुसरी तरी राहू द्या."

"तुमीच नाव देल्लं म्हणून ते आली," रुखमिणी म्हणाली. "आता तुमीच नाही म्हणता?"

"बघा तुम्ही," मॅडम म्हणाल्या. "आत्ता बघा. रुचिका, बेटा, लिही. तुला आवरता येतं ना? आईला दाखव."

रुचिकाने आईकडे बघितलं, मग मॅडमकडे. पेन्सिल उचलली.

ती लिहीत होती आणि आम्ही सगळे श्वास धरून बसलो होतो. पाटीवर पेन्सिलचा कर्रकर्र आवाज, बाकी काही नाही. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत अक्षरं चढायला लागली. तिने पुसलं, परत लिहिलं. नखं पांढरी झाली. कान लाल झाले. म्हातारीने फडक्याचा हात पदराखाली ओढून घेतला. रुखमिणी गुडघ्यांवर पुढे सरकली, तिचे डोळे असे उजळले की मला त्यांच्याकडे बघवेना. "आली," ती पुटपुटली. "ये वं माय. ये."

रुचिकाची मूठ वर गेली. अर्ध्यावर थांबली. मी पाहिलं, तिच्या सगळ्या अंगातून एक थरथर गेली, पाण्यातून निघालेल्या वासरासारखी. मग पेन्सिल खाली आली. हात मांडीवर आले. एक लांब श्वास, नाकातून आत आणि तोंडाने बाहेर. मग ओठ मिटले. या वेळी तिने कोणाचंही नाव घेतलं नाही. कानांचा लाल रंग हळूहळू उतरला. तिने पाटी पुसली, पेन्सिल परत उचलली आणि उरलेली ओळ लिहून पुरी केली.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी इतकी वर्षं मास्तरकी केली, पण लेकराने एवढं मोठं काम केलेलं मी पाहिलं नव्हतं. मोठ्यांना जमत नाही ते. मलाच कुठे जमतं. दारातून तेजराम आत आला आणि पोरीच्या डोक्यावर सिमेंटचा हात ठेवला.

"पाहा," तो बायकोला म्हणाला. "पाहा, काही नाही तिथं. आपलीच पोरगी हाये."

रुखमिणी बघत होती. पोरीच्या हाताकडे, मग तोंडाकडे, मग परत हाताकडे. काहीतरी शोधत होती. मग ते सापडत नाही हे तिला कळलं, आणि तिचा चेहरा विझला. ती ओरडली नाही, छाती पिटली नाही. ती ओरडली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं.

"गेली?" तिने विचारलं. कोणाला विचारलं ते माहीत नाही. "कायमची गेली का?"

तिने वाकून ताटली उचलली. पोह्यांवर पाण्याचा पेला ठेवला, गुळाचा खडा पदरात बांधला आणि उठली. उठताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. जिला लेकराला मातीत ठेवून घरी परत यावं लागलं होतं, तिला आज दुसऱ्यांदा तसंच परतावं लागत होतं, आणि या खेपेला आम्ही चांगली माणसं तिला पोचवायला आलो होतो.

रुचिका आईकडे बघत होती. अगदी शांत बसून, हात मांडीवर. मी तिच्या समोरच होतो, म्हणून जे झालं ते मला सगळं दिसलं आणि अजून दिसतं. तिने आधी म्हातारीकडे नजर टाकली. ती दूर होती. मग बापाकडे बघितलं. तो मॅडमशी बोलायला बाजूला सरकला होता. मग बाजूच्या भिंतीकडे. भिंतीपाशी कोणी नव्हतं. तिने एक लांब श्वास घेतला, नाकातून आत. कान लाल नव्हते. ओठ दाताखाली नव्हता. तिने पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि भिंतीवर फेकली.

पाटीचे तुकडे झाले. तेजराम किंचाळला. रुचिका त्याहून मोठ्याने किंचाळली, "माय! काहून सोडून आली वं मले? काहून सोडून आली?"

ताटली खाली पडली, पोहे सगळीकडे झाले. रुखमिणीने धावत येऊन तिला कवटाळलं. पोरगी तिच्या छातीवर मुठी मारत होती, आणि मी शपथेवर सांगतो, त्या मुठी जपून मारल्या जात होत्या. माय हसत होती आणि रडत होती. "मार, मार वं माय, आजून मार," म्हणत होती.

मॅडम पुढे झाल्या. "रुचिका," त्या म्हणाल्या. "रुचिका, बेटा, तू—"

पोरीने आईच्या खांद्यावरून आमच्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते. श्वास एकसारखा चालला होता. तिने अगदी थोडीशी मान हलवली, नाही म्हणून. मॅडम तिथेच थांबल्या. मला भीती वाटली, आणि ती भीती मेलेल्या पोरीची नव्हती.

रुखमिणीने तिचं तोंड दोन्ही हातांत धरून वर केलं, केस मागे सारले, सुटलेली रिबीन परत बांधली.

"निकिता?" ती म्हणाली. "माही निकू होय ना तू?"

रुचिका म्हणाली, "हो, माय."